गाळलेली पाने

दिवाळीत कोणाकडे गेले की फराळाच्या बशीमागोमाग एक प्रश्न येतो : ‘मग, यंदा काय विशेष वाचलंत?’ प्रश्न सलगीचा असतो, विचारणाऱ्याच्या मनात वाकडे काही नसते. तरी उत्तर देताना भलाभला माणूस क्षणभर सावध होतो. गेल्या चार महिन्यांत त्याच्या डोळ्यांखालून काय काय गेलेले असते! वर्तमानपत्रे, विजेची बिले, औषधाच्या वेष्टनावरची मुंगीएवढी अक्षरे, कोणाकोणाच्या लग्नपत्रिका. ते सारे तो मनातल्या मनात बाजूला सारतो आणि दोन पुस्तकांची नावे घेतो. त्या पुस्तकांतलेही सगळे सांगत नाही. जे सांगून आपण बरे दिसू, किंवा जे ऐकून समोरच्याला बरे वाटेल, तेवढे सांगतो. यात लबाडी आहे असे मला म्हणायचे नाही. सांगणे म्हटले की वेचणे आलेच. सगळे पुस्तक सांगत बसले तर चहा निवून जाईल. पण वेचण्याचा हक्क सांगणाऱ्याच्या हाती राहतो, आणि काय गाळले गेले याचा ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

आता समजा, वाचलेले सांगायचे नाही, वाचूनच दाखवायचे आहे. ऐकणाऱ्याला स्वतः वाचता येत नाही. अशा वेळी पान उलटणाऱ्या हाताला गाळण्याचा हक्क असतो का? आणि ते गाळणे ऐकणाऱ्याच्या भल्यासाठी असले तर? या प्रश्नाने यंदाचा सबंध पावसाळा माझी पाठ सोडली नाही.

पावसाळा आणि वाचून दाखवणे यांची आपल्याकडची जोडी जुनी आहे. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की घरोघरी, देवळोदेवळी पोथी लागे. श्रीधरांचे ग्रंथ तर जणू याच कामासाठी लिहिलेले : 1702 सालचा ‘हरिविजय’ 36 अध्यायांचा, पुढच्याच वर्षीचा ‘रामविजय’ 40 अध्यायांचा, 1712 चा ‘पांडवप्रताप’ 64 अध्यायांचा. रोज एक अध्याय धरला तरी कार्तिकी एकादशीच्या आत ग्रंथ तडीस जाई. त्याहून कितीतरी जुना वर्षावास. पावसाचे तीन महिने भिक्षूंनी भटकू नये, कोवळी रोपे आणि बारीकसारीक जीव पायाखाली तुडवू नयेत, एका ठिकाणी राहावे, असा तो नियम. त्या नियमाला महाराष्ट्रात एक नवे रूप आले आहे. बाबासाहेब आंबेडकरांचा बुद्धावरचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर 1957 साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या नावाने त्याचे मराठी भाषांतर आज गावोगावच्या विहारांतून आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी वाचले जाते. जैनांच्या पर्युषणात कल्पसूत्र वाचतात, तेही याच दिवसांत. रमजानच्या रात्री मशिदीत सबंध कुराण ऐकायला मिळते, पण तो महिना दरसाल दहाअकरा दिवस मागे सरकत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. पावसाशी त्याचे लग्न लागलेले नाही.

हे सगळे पावसातच का, याचे उत्तर बहुतेक जण फुरसत असे देतात. लावणी उरकली, वाटा बंद झाल्या, करायचे काय, तर पोथी ऐका. मला हे उत्तर अर्धेच पटते. लावणी उरकली तरी खुरपणी, भांगलण उरकत नाही, आणि ती बायका करतात. दिवसभर चिखलात वाकून आलेली बाई रात्री पोथीला येऊन बसे ती फुरसतीने नव्हे. बसल्या बसल्या ती वाती वळी, तांदूळ निवडी, मांडीवरच्या पोराला थोपटी. ऐकणे तिच्या कामात मिसळून जाई. खरी फुरसत असलीच तर ती वाचणाऱ्याला असे, आणि त्याला मधूनमधून दुधाचा पेलाही मिळे. असो.

पोथी वाचण्याचे काही नियम असत. चौरंगावर ठेवायची, बासनातून सोडायची, वाचून झाली की पुन्हा बासनात बांधायची. सुट्या पानांचा क्रम चुकू द्यायचा नाही. आणि सर्वांत कडक नियम हा, की अध्याय मध्येच सोडायचा नाही. आवाज बसला, कंदील भुरभुरला, कोणी पेंगले, तरी अध्याय पुरा झाला पाहिजे. लहानपणी मला यात नुसते कर्मठपण दिसे. आज वाटते, या नियमात वाचणाऱ्याला त्याची जागा दाखवून ठेवलेली आहे. त्याला अक्षर येते आणि इतरांना येत नाही, एवढ्याने तो ग्रंथाचा मालक होत नाही. एखादा भाग रटाळ आहे, एखादा बायकांनी ऐकण्याजोगा नाही, एखाद्यात फार रडारड आहे, हे ठरवण्याचे काम त्याला दिलेले नाही. एकनाथांनी 1584 साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा शेवटी, तिच्यात पदरची ओवी घालू पाहणाऱ्याला खरमरीत शब्दांत बजावून ठेवले. भर घालणाऱ्याचा बंदोबस्त त्यांनी असा केला. गाळणाऱ्याचा बंदोबस्त ऐकणाऱ्यांनीच केला असावा : अध्याय मध्ये सोडशील तर दोष लागेल, म्हणून.

एवढे सगळे मी खोदत बसलो याला कारण माझी आत्या. तिला चौऱ्याऐंशीवे चालू आहे. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे. कडेचे दिसते, मधले दिसत नाही. दार दिसते, दारातला माणूस दिसत नाही. ती म्हणते, ‘मला हल्ली सगळ्यांचे कान दिसतात.’ घरात ती भिंतीला हात न लावता फिरते, लसूण सोलते, भाजीवाल्याचे पैसे नोटेच्या लांबीरुंदीवरून देते. मात्र वाचणे संपले. चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांना मोठ्याने धडे वाचायला लावण्यात जिचा जन्म गेला तिचे वाचणे संपले. म्हणून आषाढापासून रोज संध्याकाळी दिवे लागले की मी तिला वाचून दाखवू लागलो. साताऱ्याचा पाऊस बाहेर कोसळत असतो. खोलीत आडव्यातिडव्या दोऱ्यांवर न वाळलेले कपडे. त्यांना येणारा तो आंबूस वास. मिठाला पाणी सुटलेले. अशा खोलीत एका खुर्चीवर मी, समोर पाटावर पाय ठेवून आत्या. शिलालीलामृत लावू का, म्हणून विचारले तर म्हणाली, ‘शिलालीलामृत नव्हे रे, शिवलीलामृत! जीभ जड झालीय तुझी. आणि ते मला पाठ आहे. माणसाचं काहीतरी वाच.’ मग तिनेच नाव सांगितले : ‘स्मृतिचित्रे’.

लक्ष्मीबाई टिळकांचे हे आत्मचरित्र 1934 पासून चार भागांत बाहेर पडले. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापासून त्याची सुरुवात होते, आणि इतक्या दुःखाची गोष्ट इतके हसवत सांगितलेली मराठीत दुसरी मला माहीत नाही. मोठ्याने वाचताना त्याचा गुण आणखी कळला. डोळ्याने वाचताना वाक्ये साधी वाटतात. जिभेवर आली की कळते की ती बोलण्याची आहेत, लिहिण्याची नव्हेत. आत्याला स्वल्पविराम खाल्लेला चालत नसे. ‘थांब. तिथे बाई थांबलीय, तू का पळतोस?’ मध्ये कुकरची शिट्टी झाली की मी थांबे, दुसरी झाली की पुन्हा सुरू करी. दूधवाला आला की पान दुमडे. आठवडाभरात आम्ही लक्ष्मीबाईंच्या लग्नापाशी पोहोचलो.

पुढचे मला ठाऊक होते. 1895 साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. बाई मागे राहिल्या; लहान मुलाला घेऊन नातेवाइकांच्या आधाराने काही वर्षे काढली; तो संसार पुन्हा जुळला तो नंतर. या पानांत नवऱ्याने टाकून दिलेल्या, किंवा लोकांच्या लेखी टाकून दिलेल्या, बाईचा आकांत आहे आणि भोवतीच्या माणसांचे टोचणेही आहे.

आणि आमच्या आत्याला तिच्या नवऱ्याने 1972 साली, दुष्काळाच्या वर्षी, सोडले. परगावी नोकरी लागली म्हणून आतोबा गेले ते गेले. तिकडे त्यांनी दुसरे बिऱ्हाड केले, असे कळले. आत्या माहेरी आली, नोकरीला लागली, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात हा विषय कोणी काढला नाही. आजीने नाही, वडिलांनी नाही. लग्नाच्या फोटोंचा आल्बम वरच्या फळीवर गेला. सिनेमात तसे काही असेल तर तो सिनेमा बघायचा बेत रद्द होई. सगळे तिच्या मायेपोटीच. पन्नासाहून अधिक वर्षे एका घराने मिळून एक अध्याय गाळला.

तेव्हा आता ती पाने समोर आली असता मी काय करावे? ती गाळणे अगदी सोपे होते. पुस्तक जाड, चार भागांचे. वीस-पंचवीस पाने उलटून पुढच्या ठिकाणी सुरू केले असते तर दोन वाक्यांत सांधा जुळला असता. गाळण्याच्या बाजूने बोलणारे माझ्या मनात पुष्कळ होते, आणि त्यांचे म्हणणे क्षुद्र नव्हते. आजाऱ्याच्या भाजीतून आपण मिरची काढतोच. डॉक्टर रोग्याला सगळे सांगत नाहीत, आणि आपण त्यांना निर्दय म्हणत नाही. चौऱ्याऐंशीव्या वर्षी खपली काढून कोणते सत्य मिळायचे आहे? वाङ्मयावरची निष्ठा मोठी की म्हातारीची एक रात्रीची झोप? वाङ्मयाच्या नावाने माणसांना दुखावणाऱ्यांचा मला तिटकारा आहे. असे लोक बहुधा दुसऱ्याच्याच दुखऱ्या जागेवर निष्ठा पाळतात.

तरीही माझा कौल उलट पडला, आणि तो का पडला हे मांडून पाहतो. डोळे असलेल्या माणसाला नकोसे पान आले की तो पुस्तक मिटतो. तो त्याचा हक्क आहे. कोणी त्याला भित्रा म्हणू नये. डोळे गेले म्हणून हा हक्क जात नाही, फक्त तो बजावायचा हात दुसऱ्याचा होतो. मी गुपचूप पाने उलटली तर आत्याचे दुःख वाचेल, पण ‘मला हे नको’ म्हणण्याची तिची संधीही मी घेतलेली असेल, आणि घेतली हे तिला कळणारसुद्धा नाही. मिरची काढलेली भाजी आजाऱ्याला जिभेवर कळते. गाळलेले पान कानाला कळत नाही. दोन्हींतला फरक मला तिथे दिसला. ज्या दयेचा पत्ता दया झालेल्याला लागत नाही, तिच्यावर माझा विश्वास कमीच. ती करणाऱ्याला फार स्वस्त पडते.

पण मग डोळे मिटून, ग्रंथ आहे तसा वाचीत सुटावे, हेही मला पोथीवाल्यासारखे वाटेना. डोळस वाचकाला पुढचा सुगावा असतो. तो दोन पाने पुढे डोकावतो, कोणाकडून ऐकलेले असते, मन बांधून ठेवतो. ऐकणाऱ्यावर सगळे एकदम येऊन आदळते. नुसते न गाळणे पुरत नाही. येणार काय आहे ते सांगणेही वाचणाऱ्याकडे लागते. श्रावणातल्या एका संध्याकाळी पुस्तक उघडण्यापूर्वी मी म्हटले, ‘आत्या, आज टिळक ख्रिस्ती होतात ते येईल. लक्ष्मीबाई मागे राहतात. वाचू, की आज राहू दे?’

आत्या हसली. ‘मला काय माहीत नाही होय? पुस्तक कोणी सांगितलं तुला?’

मी गप्प राहिलो.

‘त्र्याहत्तर साली वाचलं मी हे. शाळेच्या कपाटातलं. घरी आणलं नाही, तुझ्या आजीनं पाहिलं असतं. मधल्या सुट्टीत वाचायची, वर्गात, डबा पुढ्यात ठेवून. तेव्हा एकटीनं वाचलं. वाच आता.’

मी वाचले. त्या दिवशी दोनाऐवजी बारा पाने झाली. तिने एकदाच थांबवले. टिळकांचे पत्र येते त्या ठिकाणी म्हणाली, ‘हिला निदान पत्रं तरी येत होती.’ मी थांबून राहिलो, तर म्हणाली, ‘वाच ना. मी बोलले म्हणून थांबायला मी काही बाईंपेक्षा मोठी नाही.’ पाऊस त्या वेळी एवढा वाढला की मला ओरडून वाचावे लागले. लक्ष्मीबाईंचा आकांत मी ओरडून वाचतो आहे आणि आत्या दोन्ही हातांनी दोरीवरचे टॉवेल चाचपून कोणता वाळला ते पाहते आहे, असे ते चालले होते. नंतरच्या चारसहा दिवसांत, कधी लसूण सोलताना, कधी वाचन संपल्यावर, तिने मला 1972 सालचे पुष्कळ सांगितले. ते तिचे आहे. इथे लिहायला मला तिने दिलेले नाही.

एक मात्र लिहितो. मी हा सारा विचार, ऐकणाऱ्याला काय सोसेल, या बाजूने केला होता. तिच्या मनात हिशेब निराळा होता. एकदा एकटीने वाचलेले पुस्तक दुसऱ्याच्या तोंडून वदवून घ्यावे, घरातल्या कोणीतरी ते शब्द उच्चारलेले ऐकावे, हे तिला हवे होते. पोथीला येऊन बसणाऱ्या त्या चिखलाच्या पायांच्या बायकांनाही कथा पाठच असे. सीता वनात जाणार हे ठाऊक असूनच त्या दरसाल येत. कथा कळावी म्हणून त्या येत असतील असे मला आता वाटत नाही. सीता वनात गेली हे चारचौघांत मोठ्याने म्हटले जावे, आणि म्हणणारा पुरुष असावा, ही काही लहान गोष्ट नव्हती.

रात्री ती झोपल्यावर स्वतःसाठी मी दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ पुन्हा काढले होते. 1956 चे पुस्तक. बारा महिन्यांवर बारा लेख. एकही महिना गाळलेला नाही. वाचता वाचता लक्षात आले की ऋतूंवर लिहिणाऱ्याला ती सवलतच नसते. कालिदासाच्या नावावरचे ‘ऋतुसंहार’ घ्या. त्याने क्रम आपल्या मनाने लावला, भाजून काढणाऱ्या ग्रीष्मापासून निघून वसंतापाशी थांबला. पण सहा ऋतूंचे सहा सर्ग लिहिलेच. ज्याला आंब्याचा मोहर हवा त्याला आधी थंडीत झाड मुके उभे राहिलेले पाहावे लागते.

आता तो क्रमही ढळू लागला आहे. ‘ऋतुचक्र’ निघाले त्या वर्षी मुंबईत मोसमी पाऊस 29 मेलाच येऊन थडकला होता. त्याहून लवकर तो पुढे 2025 साली आला, 26 मेला. परत जाण्याच्या तारखाही लांबल्या. मुंबईतून पाऊस निघण्याची सरासरी तारीख पूर्वी 29 सप्टेंबर धरत. 2020 साली हवामान खात्याने ती 8 ऑक्टोबर केली. मुंबईकराला याचे काय, छत्री नऊ दिवस जास्त. पण कापणीला आलेल्या भातावर, काढून ठेवलेल्या सोयाबीनवर तो पाऊस पडतो तेव्हा नऊ दिवस म्हणजे वर्ष जाते. आमच्याकडे भाजी घेऊन येणारा माणूस दारात टोपली उतरवता उतरवता रोज शिवारातली एक बातमी देतो. आत्या ती सगळी ऐकून घेते, मग भाव करते. मी एकदा म्हटले, कशाला त्याचे रडगाणे ऐकत बसतेस, भाव तर करायचाच आहे. ‘भाव त्याच्या भाजीचा करायचा,’ ती म्हणाली. ‘सांगतोय ते पुरतं ऐकायला काही पडत नाही.’

‘स्मृतिचित्रे’ कोजागरीच्या आदल्या दिवशी संपले. कपडे अंगणात वाळू लागले होते, दुपारी पंखा लावावा लागत होता. शेवटचा भाग बाई गेल्यानंतर त्यांच्या मुलाने पुरा केला. आवाज बदलला हे आत्याने दोन ओळींत ओळखले. ‘बाई गेल्या,’ म्हणाली, आणि पुढे तसेच वाचायला लावले.

त्याच आठवड्यात तिच्या डोळ्यांच्या तपासणीचा कागद आला. इंग्रजीत, दोन पाने. संध्याकाळच्या ठरल्या वेळी तिने पुस्तकाऐवजी तोच पुढे केला. ‘हे वाच. मराठी करत करत वाच.’ मी वाचू लागलो. उजवा डोळा, मग डावा. ज्या डाव्याचा आम्हांला भरवसा होता त्याच्याबद्दल एक शब्द होता, ‘प्रोग्रेसिव्ह’. त्याच्यापाशी मी अडखळलो. कोशात त्याला ‘प्रगतिशील’ म्हणतील. इथे ते कसे चालावे?

‘खाल्लास काहीतरी,’ आत्या म्हणाली.

‘खाल्लं नाही, शब्द शोधतोय. डाव्यातही सुरू झालंय. वाढत जाणारं आहे, असं म्हणतात.’

‘किती दिवसांत?’

‘ते यात नाही.’

‘दोन्ही पानं झाली?’

‘झाली. खाली सही आहे.’

तिने कागद परत घेतला, चाचपून चौघडी केली, उशीखाली ठेवला. मग पुढचे पुस्तक कोणते लावायचे यावरून आमचा थोडा वाद झाला. मला काहीतरी विनोदी हवे होते. तिने ‘पांडवप्रताप’ सांगितला, आणि वर, 64 अध्याय आहेत, पुढच्या पावसाळ्याची वाट न बघता आजच लाव म्हणाली.